कलमाची परीक्षा आणि डी.एन.ए.ची ओढ



संत्र्याची कलमे घेताना आपण उंची पाहतो, पानांची तकाकी पाहतो, खुंट जंबेरीचा की रंगपूर लाईमचा ते विचारतो. पाहायलाच हवे. पण ज्या झाडावरून डोळा काढला त्यात ग्रीनिंग रोगाचा जिवाणू असला, तर तो डोळ्याबरोबर तुमच्या वावरात येतो. कलम मात्र हिरवेगार दिसते! बाग फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर खत, पाणी, मजुरी सारे होऊन गेलेले असते.

पाने पिवळी पडली की आपण जस्त फवारतो. जस्ताच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये दोन बाजूंचे डाग जुळत नाहीत. तरी नुसत्या नजरेवर विसंबू नये. खात्री होते ती डी.एन.ए.च्या परीक्षेने.

डी.एन.ए. हा पेशीतला आनुवंशिक गुणांचा धागा. पीळ दिलेली शिडी डोळ्यांपुढे आणा. तिचे दोन दांडे साखर आणि फॉस्फेट यांचे. सुपर फॉस्फेटच्या पोत्यातला स्फुरद तो हाच. पायऱ्या जोडीच्या: ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. वॉटसन व क्रिक यांनी ही रचना १९५३ साली मांडली. प्रत्येक फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि सारखे भार एकमेकांना लोटतात, म्हणून फॉस्फेट बाहेरच्या अंगाला. लिनस पॉलिंग यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञानेही त्याच वर्षी फॉस्फेट मध्यभागी कोंबून तीन पदरी रचना सुचवली होती; ती टिकली नाही.

आपल्या काळ्या मातीचे कणही ऋणभारित असतात. म्हणून त्या मातीत अमोनियम व पालाश धरून राहतात, नायट्रेट पाण्याबरोबर निसटते. हाच ऋणभार प्रयोगशाळेत कामी येतो.

नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. १९८५ साली ती सुरू झाली. अशा ठिकाणी पानाच्या देठातून व मधल्या शिरेतून डी.एन.ए. काढतात. जिवाणूचा ठराविक तुकडा त्यात असलाच, तर पी.सी.आर. यंत्रात त्याच्या कोट्यवधी नकला होतात. मग समुद्री शेवाळापासून केलेल्या अगारोजची, खरवसासारखी थरथरणारी वडी घेतात. तिच्या एका कडेच्या खळग्यांत नमुना घालून वीज सोडली की डी.एन.ए. धन टोकाकडे निघतो. तुकडा लांब तसा भारही जास्त, म्हणून ओढ लांबीच्या प्रमाणातच असते. निवड करते ती वडीतली बारीक जाळी. लहान तुकडे पुढे सटकतात, मोठे मागे रेंगाळतात. रंगद्रव्य लावून अतिनील प्रकाशात पाहिले आणि ठरल्या जागी पट्टा उमटला, तर जिवाणू आहे.

पट्टा नाही म्हणून झाड निर्दोष, असे मात्र लगेच धरू नका. जिवाणू झाडभर सारखा पसरत नाही. नमुन्याला चारही बाजूंच्या फांद्यांची पाने द्यावीत. निरोगी कलमालाही पुढे सायला कीड हा रोग लावू शकते, तेव्हा नवी पालवी फुटताना नजर ठेवा.

पन्हेरीवाल्याला विचारा, मातृवृक्ष तपासला आहे काय? तपासणीचा कागद पाहा, पक्की पावती घ्या. ही विचारपूस उन्हाळ्यातच करा. मृग लागल्यावर गर्दीत कोणी धड उत्तर देत नाही.