फाटकाआतली वीज आणि गल्लीतला कष्टकरी

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा जो प्रचार गेली काही वर्षे सरकारी जाहिरातींतून आणि मोटार कारखानदारांच्या पत्रकांतून चालला आहे, त्यात एक चित्र ठरलेले असते. संध्याकाळी गृहस्थ घरी येतो, गाडी फाटकाच्या आत घेतो, भिंतीवरच्या खोक्यातून तार ओढून गाडीला जोडतो आणि निर्धास्त झोपी जातो. सकाळी गाडी तयार! पेट्रोल पंप नको, धूर नको, खर्च निम्म्याहून कमी. या चित्रात सर्वांत महाग वस्तू कोणती, याचा उच्चार मात्र जाहिरातीत कधीच होत नाही. ती मोटार नव्हे, बॅटरीही नव्हे. ती वस्तू म्हणजे फाटक. फाटकाच्या आत स्वतःच्या मालकीची जमीन असणे ही या सगळ्या स्वस्ताईची पहिली अट आहे, आणि या देशातील शहरी जनतेच्या फार मोठ्या भागाजवळ नेमके तेवढेच नाही.

ही अट पारखून पाहायची तर वाराणसीच्या बालाजी घाटाइतकी योग्य जागा सापडणे कठीण. पंचगंगा घाटाजवळचा हा घाट पेशवाईच्या काळातला. येथल्या बालाजीच्या देवळातील नौबतखान्यात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. शेजारच्या दुर्गा घाट, ब्रह्मा घाट भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे याच काशीतल्या मराठी समाजाचे. घाटाच्या वरच्या अंगाला पक्का महाल पसरला आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे, अशा त्याच्या गल्ल्या आहेत. येथे मोटार दारापर्यंत येण्याचा प्रश्नच नाही. घरासमोर अंगण नाही, आवार नाही; उंबरठा संपला की गल्ली आणि गल्ली संपली की पायऱ्या. जो कोणी वाहन बाळगतो तो ते मैदागिन, विशेश्वरगंज किंवा मच्छोदरीच्या बाजूला कुठेतरी उभे करतो आणि पायी घरी जातो.

अशा घरातील माणसाला ‘घरी चार्ज करा’ असे सांगणे म्हणजे ज्याच्या घरी विहीर नाही त्याला पाण्याच्या बचतीचा पंप भेट देण्यासारखे आहे.

आता सवलतींचा ओघ कोणाच्या दाराकडे वळवला गेला ते पाहावे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या वाहनकर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आयकराची वजावट मिळाली. म्हणजे जो आयकर भरण्याइतके कमावतो त्यालाच. उत्तर प्रदेश सरकारच्या २०२२ च्या धोरणाने रस्ताकर व नोंदणीशुल्क माफ केले आणि खरेदीवर अनुदान जाहीर केले: मोटारीमागे कमाल १ लाख रुपये, तीनचाकीमागे कमाल १२ हजार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार या देशात शंभरातील जेमतेम सात-आठ घरांत मोटार आहे. त्यांतही फाटक असलेली घरे किती, हा हिशेब वाचकांनीच करावा. केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्याने खासगी मोटारीला थेट अनुदान दिले नाही, हे मान्य करावे लागेल. पण त्याच टप्प्याने शिसे-आम्लाच्या बॅटरीवरील वाहनेही वगळली, आणि गरिबाची ई-रिक्षा बहुतांशी त्याच बॅटरीवर चालत आली आहे.

खरी विजेची गाडी कोणाची?

१ मे २०१६ रोजी, कामगार दिनीच, पंतप्रधानांनी आपल्या मतदारसंघात, डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याच्या मैदानावर, ई-रिक्षा वाटल्या आणि अस्सी घाटावर नाविकांना सौर ऊर्जेवरच्या ई-नौका दिल्या. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. नौका कोठे चार्ज होणार, नादुरुस्त झाल्यावर कोण दुरुस्त करणार, याची व्यवस्था मात्र त्या सोहळ्याच्या तोलाची कधीच झाली नाही. पुढे तर नाविकांच्या बोटी सीएनजीवर नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. ई-रिक्षा मात्र टिकली, वाढली. ती सरकारच्या कृपेने वाढली नाही. बेकार तरुण, गावाकडून आलेला शेतमजूर, बंद पडत चाललेल्या मागावरचा विणकर यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता म्हणून वाढली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये भारतात ५ लाख ८० हजारांहून अधिक विजेच्या तीनचाकी विकल्या गेल्या आणि या बाबतीत भारताने चीनला मागे टाकले. विजेवरच्या वाहतुकीचा जो काही डांगोरा हा देश जगात पिटतो, त्याचा मोठा भार या टपावाल्या तीनचाकीने उचलला आहे. चकचकीत मोटारीने नव्हे.

या चालकाची रात्र कशी जाते? त्याची खोली भाड्याची, गल्लीच्या आत, बहुधा वरच्या मजल्यावर. गाडीत १२ व्होल्टच्या चार जड बॅटऱ्या; एका भरणीला सात-आठ युनिट वीज आणि आठ-दहा तास लागतात. बॅटऱ्या उचलून जिना चढणे रोजच्या रोज होणारी गोष्ट नाही. खिडकीतून तार सोडली तर शेजारी तक्रार करतो, घरमालक जोडणी तोडतो. आणि मालकाने संमती दिलीच, तरी घरगुती जोडणीवर धंद्याचे वाहन चार्ज केल्यास २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली ‘अनधिकृत वापर’ ठरून दुप्पट दराने आकारणी होण्याची टांगती तलवार असतेच. म्हणून तो गाडी खासगी गॅरेजात लावतो. तेथे एका पत्र्याखाली गाड्या दाटीवाटीने उभ्या राहतात आणि जागेचे भाडे व विजेचे पैसे एकत्र, रोजच्या रोज, आगाऊ द्यावे लागतात. मीटर त्याच्या नजरेस पडत नाही. युनिटचा दर काय पडला, हे विचारण्याची सोय नाही. ज्याच्याकडे जागा तो दर ठरवतो. जमिनीच्या खंडाचा हा अगदी जुना न्याय विजेच्या तारेतून पुन्हा अवतरला आहे.

त्यातच २०२४ मध्ये वाराणसीच्या वाहतूक पोलिसांनी शहराचे विभाग पाडून प्रत्येक ई-रिक्षाला एकेका विभागात बांधून टाकण्याची व्यवस्था आणली. चालकांनी तिला विरोध केला आणि तो रास्तच होता. जो माणूस एका विभागात राहतो, दुसऱ्यात गाडी चार्ज करतो आणि तिसऱ्यात त्याला सवारी मिळते, त्याच्या पोटावरच ही रेषा ओढली गेली.

करातील वर्गभेद

सर्वांत उघड अन्याय कराच्या हिशेबात आहे. आणि त्यावर आपल्या पक्षाच्या सभांतही पुरेसे बोलले गेलेले नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की, वाहनाची बॅटरी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे. म्हणून तिला वीज कायद्याखालचा परवाना नको. खासगी कंपन्यांना दार उघडून देण्यासाठी हा खुलासा झाला. त्याची दुसरी बाजू २०२३ मध्ये दिसली. कर्नाटकातील जीएसटी अग्रिम निर्णय प्राधिकरणाने, तेथील सरकारी वीज वितरण कंपनीच्याच अर्जावर, निर्णय दिला की चार्जिंग ही सेवा असल्याने तिच्यावर १८ टक्के कर लागेल. वीज ही वस्तू जीएसटीतून मुक्त आहे. याचा अर्थ सरळ आहे. बंगल्याच्या पोर्चमध्ये भरलेल्या युनिटवर हा कर शून्य. रस्त्यावरच्या केंद्रात भरलेल्या त्याच युनिटवर १८ टक्के. इलेक्ट्रॉन तेच, तार तीच, वितरण कंपनी तीच. फरक एवढाच की एकाजवळ फाटक आहे आणि दुसऱ्याजवळ नाही.

हे केवळ भारतीय नोकरशाहीचे अज्ञान आहे, असे कोणी समजू नये. ब्रिटनमध्येही घरच्या विजेवर ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के मूल्यवर्धित कर घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालली. ओळीतल्या घरांत राहणारा तेथला कामगार चौपट कर देत राहिला आणि उपनगरातला घरमालक स्वतःच्या अंगणात स्वस्त वीज भरत राहिला. मात्र त्याच देशात लंडनच्या स्थानिक परिषदांनी रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांत चार्जिंगचे सॉकेट बसवून घेतले, आज ते हजारोंच्या संख्येने आहेत. गाडी जेथे रात्री उभी राहते तेथेच वीज नेता येते, हे त्यातून सिद्ध झाले. अडचण तंत्राची कधीच नव्हती.

येथे डाव्या चळवळीतल्याच एका युक्तिवादाचा समाचार घेणे आवश्यक आहे. काही मित्र म्हणतात, विजेची मोटार हे धनिकांचे खेळणे आहे, आपली मागणी सार्वजनिक बसची. चार्जिंगच्या भानगडीत कामगारांच्या पक्षाने कशाला पडावे? बसची मागणी पहिली आहे, यात वाद नाही. पण मुंबईत विजेच्या बसचे नाव पुढे करून ‘बेस्ट’च्या स्वमालकीच्या गाड्या कमी होत गेल्या आणि कंत्राटदारांच्या भाडेतत्त्वावरील गाड्या वाढत गेल्या, हे ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे की नवे तंत्र कोणाच्या मालकीत येते हा प्रश्न टाळून बसचाही प्रश्न सुटत नाही. शिवाय ज्या वस्तूवर लक्षावधी चालकांचे पोट चालते तिला धनिकांचे खेळणे म्हणणे हा निव्वळ आळशीपणा आहे. रस्त्याकडेच्या सार्वजनिक सॉकेटवर रात्री ई-रिक्षा उभी राहील, दूधवाल्याची दुचाकी उभी राहील, घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या पोराची स्कूटर उभी राहील. एखाद्या शिक्षकाची जुनी मोटारही उभी राहिली तर चळवळीने तिच्यावर का रुसावे?

उलट दिशेचा युक्तिवाद सत्ताधाऱ्यांकडून येतो: जागा नसेल तर वाहन घेऊच नका. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या वाहनाची नोंदणी न करण्याचा मनोदय जाहीर केला. रस्ते अडवणाऱ्या मोटारींना आवर घालावा, हे कोणालाही पटेल. पण एका बाजूने जमिनीचा भाव गगनाला भिडवायचा, चाळी आणि वाडे पाडून मनोरे उभे करायचे, त्यांत पार्किंग लाखोंनी विकायचे, आणि दुसऱ्या बाजूने जमीन नसलेल्यालाच अपात्र ठरवायचे, हा उपाय रहदारीचा राहत नाही. तो मालमत्तेच्या आधारे नागरिकांची वर्गवारी करतो. २०१९ मध्ये आदर्श बांधकाम उपविधींत दुरुस्ती करून नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागी चार्जिंगची तरतूद सुचवली गेली. पार्किंग आहे त्यांच्याच पार्किंगमध्ये! पक्का महालातील भाडेकरूला त्या उपविधीत स्थान नाही, गिरगावच्या चाळकऱ्यालाही नाही, पुण्याच्या पेठेतल्या वाड्यातील बिऱ्हाडालाही नाही.

पैसा नाही ही सबब तर वाराणसीत उच्चारण्याचीही सोय नाही. कॅन्टपासून गोदौलियापर्यंतच्या पावणेचार किलोमीटरच्या रोपवेचे भूमिपूजन मार्च २०२३ मध्ये झाले. त्याचा जाहीर खर्च सुमारे ६४५ कोटी रुपये. याउलट दुचाकी-तीनचाकीसाठीच्या साध्या, तीन किलोवॉटच्या चार्जिंग सॉकेटचे भारतीय मानक २०२१ मध्ये निश्चित झाले तेव्हा त्याची लक्ष्य किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आत ठेवली होती. जोडणी, मीटर, खोदकाम मिळून ती कित्येक पटींनी वाढली, तरी रोपवेच्या एका खांबाइतक्या पैशात शेकडो गाड्यांची रात्र सुखाची होईल.

आणि तारा तर तेथे आहेतच. २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत एकात्मिक वीज विकास योजनेखाली जुन्या काशीतील लोंबकळत्या तारा जमिनीखाली नेण्याचे अवघड काम सार्वजनिक क्षेत्रातील पॉवरग्रिडने केले. अरुंद गल्ल्या खणून, सांडपाण्याच्या आणि पाण्याच्या नळ्या चुकवत कामगारांनी त्या केबली पुरल्या. तो पैसा जनतेचा होता. ज्या पूर्वांचल विद्युत वितरण निगमाच्या ताब्यात हे जाळे आहे, तोच निगम खासगी हातांत देण्याचा घाट उत्तर प्रदेश सरकारने २०२० मध्ये घातला होता. वीज कर्मचाऱ्यांच्या लढ्यापुढे तेव्हा माघार घ्यावी लागली. २०२४ च्या अखेरीस दक्षिणांचलसह पूर्वांचल पुन्हा विक्रीच्या यादीत आले आणि कर्मचारी व अभियंते पुन्हा रस्त्यावर उतरले. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तर सार्वजनिक जमीन चार्जिंग केंद्रांसाठी युनिटमागे १ रुपया वाट्याच्या पायावर देऊ करतात. खासगी कंपनीने लिलावात त्याहून अधिक बोलावे, एवढीच अट. जमीन जनतेची, केबल जनतेच्या पैशाची, आणि मीटर मात्र ज्याला चालकाचे नावही ठाऊक नाही अशा कंपनीचा, असा हा बेत आहे.

म्हणून वीज कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि ई-रिक्षाचालकांच्या संघटना यांनी वेगवेगळे मोर्चे काढण्यात अर्थ उरलेला नाही. कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रात निगम सरकारी राहावा या कलमाखालीच मैदागिन, विशेश्वरगंज, मच्छोदरी येथील रात्रीच्या थांब्यांवर निगमाच्या मालकीचे, चालकाला दिसेल अशा मीटरचे सॉकेट बसवावेत, हे कलम आले पाहिजे. दर घरगुती दराहून अधिक नको. सार्वजनिक चार्जिंगवरील १८ टक्के कर रद्द व्हावा. घरगुती जोडणीवर स्वतःची एकच ई-रिक्षा भरणाऱ्याला कलम १२६ लागू होणार नाही, असा लेखी आदेश राज्य वीज नियामक आयोगाने काढावा. दराच्या प्रस्तावांवर आयोग जाहीर सुनावण्या घेतो. तेथे आजवर उद्योजक संघटनांचे वकील बोलत आले. पुढच्या सुनावणीला गॅरेजच्या भाड्याचे हिशेब लिहिलेल्या वह्या घेऊन चालकांनी जावे, आणि त्यांना नेण्याचे काम वाराणसीतील पक्ष शाखांनी आतापासूनच हाती घ्यावे.