धीर द्या, पण हिशेबासकट

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना एक पत्र पाठविले होते. पिके हातची गेली, बँकेचे कर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्या, असे त्यात लिहिले होते. मूत्रपिंड, यकृत, डोळे यांच्या किमतीही दिल्या होत्या. तो निषेध होता, हे उघडच आहे. पण ज्या माणसांवर स्वतःच्या देहाची किंमत मांडण्याची पाळी येते, त्यांच्या मनाची अवस्था काय असेल? अशा वेळी कुणी कर्जमाफी मागतो, कुणी समुपदेशन मागतो. दोन्ही हवीच आहेत. मला या दोहोंच्या मधली एक लहानशी गोष्ट सुचवायची आहे. कर्जाने खचलेल्या माणसाजवळ बसून त्याचा हिशेब मांडून देणारा एक जाणता माणूस त्याला मिळाला पाहिजे.

चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. ते टिंब नेमके काय करते, याचा अभ्यास झालेला आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांविषयीचा एक निबंध २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उसाचे पैसे हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतर, अशी त्याच माणसांची दोनदा चाचणी घेतली. पैसे येण्यापूर्वी तीच माणसे चाचणीत कमी पडली. त्यांची अक्कल कुठे गेली नव्हती. ती पैशाच्या विवंचनेत गुंतून पडली होती. म्हणजे ज्या वेळी माणसाला नीट विचार करण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी त्याच वेळी ती शक्ती आटलेली असते. अशा माणसाला 'धीर धरा' म्हणणे म्हणजे अंधारात चाचपडणाऱ्याला 'नीट बघून चाला' म्हणण्यासारखे आहे. त्याच्या हातात कंदील कोण देणार?

आमच्या घरचेच सांगतो. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. आबांचे शिक्षण तिसरीपर्यंत. माय शाळेत गेलीच नाही. गेल्या वर्षी आबा रात्ररात्र ओसरीवर बसून राहू लागले. जेवण तुटले. पारावर जाणे बंद झाले. देवाचे काही राहिले असेल म्हणून माय त्यांना औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला घेऊन गेली. पुढे कळले की एका बँकेतून आलेले पत्र आबांनी पेटीच्या तळाशी ठेवले होते. पत्र इंग्रजीत होते. ते जप्तीचेच, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी ते वाचले. खात्याचे नूतनीकरण करण्यासाठी शाखेत या, एवढेच त्यात होते.

सेवा सोसायटीत गटसचिव म्हणून आयुष्य काढलेले एक काका आमच्या गावात राहतात. ते एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर वही घेऊन बसले. पीककर्ज १,१०,००० रुपये, कृषी सेवा केंद्राची उधारी ३८,०००, मायच्या बचत गटाचे २७,०००, आणि एका खाजगी माणसाचे ४०,०००. बेरीज आली २,१५,०००. आबांच्या मनात चार लाखांच्या वरचा आकडा होता. एकच देणे ते वेगवेगळ्या रात्री पुन्हापुन्हा मोजत होते. "येवढंच हाय का?" असे त्यांनी दोनदा विचारले. येवढे म्हणजे काही थोडे नव्हते. पण त्याला आता कडा होत्या, सुरुवात होती आणि शेवटही होता.

काकांनी मग दुसरी गोष्ट दाखविली. खाजगी पैसा शेकडा चार रुपये महिन्याने होता. चार हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण तो महिन्याचा आहे. वर्षाचे अठ्ठेचाळीस होतात. म्हणजे ४०,००० वर वर्षाला १९,२०० रुपये नुसते व्याज! उलट पीककर्ज वेळेत भरले तर राज्यात तीन लाखांपर्यंत व्याजाचा भार शून्यावर येतो. आबा मात्र बँकेच्या धास्तीने झोपत नव्हते आणि खाजगी माणसाला दरमहा मुकाट्याने देत होते. हळदीचे पैसे आले तेव्हा ते आधी खाजगी देण्यात गेले, आणि पीककर्जाचे नूतनीकरण झाले. कर्ज एका रात्रीत फिटले नाही. पण आबा जेवू लागले आणि पारावर दिसू लागले.

ही कल्पना काही नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि गावोगाव सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात कर्जरोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, शेतकऱ्याला पावती आणि खातेपुस्तक मिळावे, अशा तरतुदी होत्या. न समजलेले कर्ज हेच अर्धे संकट असते, हे त्या काळीही ओळखले गेले होते. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा इकडे लागू नव्हता. आज मात्र कायदे आपल्यालाही आहेत. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी गुन्हा ठरविली आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, असे त्याच वर्षी ठरले. घरोघर येणाऱ्या सूक्ष्म कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी किंवा सायंकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. दारात उभ्या राहिलेल्या माणसापुढे थरथरणाऱ्या किती आयांना तो ठाऊक आहे?

यावर कुणी म्हणेल, हिशेबाने का सोयाबीनचा भाव वाढतो? अगदी बरोबर. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दराने सोयाबीन विकावे लागले. ती लूट कोणत्याही वहीने भरून निघत नाही. भावाचा लढा लढावाच लागेल, आणि गरिबाला काटकसरीचे धडे देऊन सरकारला मोकळे सोडणाऱ्यांत मी नाही. पण लढ्यासाठी माणूस जिवंत हवा, शुद्धीवर हवा. हिशेब त्याला तेवढा वेळ मिळवून देतो.

२०१५ मध्ये राज्याने मराठवाड्याच्या आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन खचलेली माणसे ओळखतात आणि समुपदेशकाकडे पाठवितात, अशी ती योजना. काम मोलाचे आहे. पण समुपदेशकाशी बोलून माणूस घरी येतो, तेव्हा पेटीतले पत्र पेटीतच असते. आशाताईंच्या मागोमाग बँकेचे कागद जाणणारा माणूस त्या घरी का जाऊ नये? इंग्लंडमध्ये २०२१ पासून अडचणीतल्या ऋणकोला सल्लागारामार्फत ६० दिवसांची उसंत मिळते. मनाच्या गंभीर आजारावर तातडीचे उपचार चालू असतील तर उपचार संपून पुढे ३० दिवसांपर्यंत. म्हणजे तिकडे मन आणि पैसा एकाच कागदावर आले. आपल्याकडे ते अजून दोन कचेऱ्यांत आहेत.

ते होईल तेव्हा होवो. आपण काय करू शकतो? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण शोषखड्डे खणतो, पथनाट्ये करतो. त्यातली एक संध्याकाळ कागद वाचण्यासाठी ठेवावी. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि एखाद्या निवृत्त गटसचिवाने आम्हाला आधी शिकवावे: पासबुक कसे वाचायचे, महिन्याचे व्याज वर्षाचे कसे करायचे, आधी कोणते देणे फेडायचे, पीक बुडाल्यावर हप्त्यांच्या फेरमांडणीसाठी अर्ज कसा करायचा. आणि जिथे हिशेबाच्या पलीकडचा अंधार दिसेल, तिथे उशीर न करता डॉक्टरांकडे न्यायचे, 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक लावून द्यायचा.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले वाचणारे आहोत. आपल्या आईवडिलांनी न वाचता आलेले कागद अजून पेट्यांत पडून आहेत. या सुट्टीत घरी गेलात की एक वही घ्या, आणि त्यांच्याजवळ बसा.