ओटीपी कोणाच्या मोबाईलवर?

माझा एक वर्गमित्र वकील आहे. बी.ए.ला आम्ही एकाच बाकावर बसायचो. तो पुढे कायद्याकडे वळला आणि मी सरकारी नोकरीत चिकटलो. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे आणि वाहतुकीच्या चलनांची प्रकरणे हेच त्याचे मुख्य काम. ऑफिस सुटल्यावर मी कधी कधी त्याच्याकडे चहाला जातो. गेल्या महिन्यात असाच गेलो, तर साहेब संगणकासमोर घामाघूम होऊन बसलेले.

"बस रे, हें जातकच च्या घेवया," म्हणाला. तो चहा मला साडेआठला मिळाला.

समोरच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा मोटारसायकल पायलट. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला पायलट म्हणतात.) एका टेम्पोने त्याला ठोकरले. गुडघ्याखाली पाय गेला. त्याला आता तीन महिने झाले होते. दावा दाखल करायचा होता आणि त्यासाठी कागद जमवायचे होते.

पहिला प्रश्न टेम्पोचा. दाव्यात टेम्पोचा मालक आणि विमा कंपनी यांना प्रतिवादी करावे लागते. मित्राने गाडीचा नंबर घातला, वाकडीतिकडी अक्षरे ओळखून दाखवली. मालकाचे नाव आले, पण निम्मी अक्षरे झाकून, त्यांच्या जागी चांदण्या. लोकांची खासगी माहिती जपली पाहिजे हे मला मान्य आहे. पण पुढची माहिती हवी तर चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतात. आपल्या नवऱ्याला उडवणाऱ्या टेम्पोचा चासी नंबर या बाईला कुठून ठाऊक असणार? तो लिहिलेला असतो गाडीच्या कागदांवर, आणि ते असतात मालकाकडे. मालक कोण, हेच तर शोधायचे होते!

नियम पाहिला तर ही सगळी माहिती पोलिसांकडून यायला हवी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. नियम चांगला आहे. पण अहवाल रखडला की वकिलाला पुन्हा त्याच चांदण्यांकडे बघत बसावे लागते.

दुसरा प्रश्न पायलटच्या स्वतःच्या लायसन्सचा. ते अपघातात हरवले. लायसन्स नसेल तर विमा कंपनीचा वकील पहिला बोट तिथेच ठेवणार. म्हणून दुसरी प्रत काढायला बसले. आडनाव नाईक. आता आपल्या गोव्याची गंमत बघा. लायसन्सवर हे आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, शेवटी क्यू-यू-ई. आधार कार्डावर साधे, शेवटी के. संगणक म्हणाला, तपशील जुळत नाहीत. कुठला तपशील ते सांगितले नाही. नाव, जन्मतारीख की पत्ता? मित्राने एकेक बदलून पाहिले. शेवटी एका ठिकाणी गाडी पुढे सरकली, तर ओटीपी गेला पायलटच्या मोबाईलवर. तो मोबाईल अपघातातच फुटलेला, आणि नवे सिमकार्ड घ्यायला पायलट दुकानापर्यंत चालत जाणार कसा? एवढ्यात वेळ संपली. पडदा कोरा. भरलेले सगळे गेले.

बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी हळूच विचारले, "वकीलबाब, म्हजें कितें चुकलें?"

वाचकहो, या प्रश्नाने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. कारण मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस आहे.

आम्हा कारकुनांची ख्याती मला ठाऊक आहे. "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" हे वाक्य आमच्याच तोंडचे. रांगा, एजंट, चहापाण्याचे पैसे, हे सगळे लोकांनी भोगले आहे. ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. काणकोणच्या माणसाला घरबसल्या गाडीचा कर भरता येतो, लायसन्स डिजिलॉकरमध्ये दाखवता येते, सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक घातला की खटल्याची पुढची तारीख कळते. २०१९ साली दिल्लीत वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. दंड मान्य असेल त्याची कोर्टाची फेरी वाचली. हे मोठेच काम झाले.

पण जुन्या खिडकीत एक गोष्ट होती. क्यू-यू-ईवाला नाईक आणि केवाला नाईक समोर आला, तर कितीही खडूस कारकून असो, त्याला कळायचे की माणूस एकच आहे. तो म्हणायचा, "बाबा, एक अ‍ॅफिडेव्हिट करून आण." म्हणजे काय चुकले आणि पुढे काय करायचे, एवढे तरी माणसाला समजायचे. संगणक नाही म्हणतो आणि गप्प बसतो.

आमच्याकडे सांगतात की काम ऑनलाईन झाले, ताण कमी झाला. खिडकीवरचा कमी झाला असेल. पण तो गेला कुठे? वकिलाच्या टायपिस्टकडे, सायबर कॅफेवाल्याकडे आणि शेवटी पायलटच्या बायकोच्या पर्सकडे. चार फेऱ्यांचे बसभाडे तिचेच. आणि ज्या एजंटला हटवायचे होते, तो आता लॅपटॉप घेऊन बसला आहे. यात काळ थांबत नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने अशा दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्यावर पुढे न्यायालयात वादही झाला. पण मुदतीची टांगती तलवार ज्याने अनुभवली, त्याला कोरा पडलेला पडदा ही किरकोळ अडचण वाटणार नाही.

मला सर्वात जास्त खटकते ती भाषा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. त्या जागेसाठी आपण किती भांडलो! पण पडद्यावर दोघींनाही जागा नाही. आणि ही केवळ अस्मितेची गोष्ट नव्हे. देवनागरीत नाईक एकाच प्रकारे लिहिला जातो. देसाईही तसाच, मग रोमीत त्याला एक एस लावा की दोन. नावाचा एक रकाना देवनागरीत असता, तर त्या बाईंची निम्मी संध्याकाळ वाचली असती.

सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २००९ सालीच काढली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना ओळख पटवण्यासाठी पापणी मिटवून दाखवा असे यंत्र सांगत होते. पैशांचेही म्हणाल तर ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले.

माझे मागणे त्या मानाने फार छोटे आहे. काय जुळले नाही ते सांगा. अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवा. वकीलपत्र जोडणाऱ्या वकिलाला समोरच्या गाडीच्या मालकाचे नाव मिळू द्या. देवनागरी द्या. आणि प्रत्येक कचेरीत एक असा माणूस ठेवा, ज्याला यंत्राची चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असेल. नवी प्रणाली सुरू करण्यापूर्वी ती बनवणाऱ्यांनी एक दिवस माझ्या मित्राच्या टेबलाशी येऊन बसावे. च्या मी पाजीन.

असो. त्या बाईंचे काम चौथ्या खेपेला झाले, अ‍ॅफिडेव्हिट करूनच. दावा मुदतीत दाखल झाला.

आणि मी? दुसऱ्या दिवशी माझ्याच ऑफिसातल्या एका ऑनलाईन अर्जाकडे पहिल्यांदा नीट पाहिले. तिथेही तेच वाक्य. तपशील जुळत नाहीत. ते बदलावे म्हणून मी लेखी टिपणी ठेवली आहे. सॉफ्टवेअर वरून येते, आपल्या हातात नाही, असा पहिला शेरा तिच्यावर पडला आहे. फाईल मी पुन्हा वर पाठवली आहे.