जुन्या गाडीची वीज कुठे अडते?

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत तयार झालेली लष्करी ‘जोंगा’ पुढे लिलावातून अनेक हौशी घरांच्या अंगणात आली. अशा जुन्या गाडीचे दिवे मंदावले, स्टार्टर कुरकुरला की मालक आधी बॅटरी बदलतो. पैसे जातात, खोड तशीच राहते. दोष अनेकदा अर्थिंगचा असतो. वीज चासीतूनच बॅटरीकडे परतते. जोडावर गंज चढला की तिची वाट अडते.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून स्टार्टर फिरवावा आणि बॅटरीचे ऋण टोक व इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त भरल्यास बॅटरी सोडवून अर्थच्या पट्टीची टोके घासावीत, घट्ट आवळावीत.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याजागी तांब्याची तार मात्र कधीही जोडू नये. तार टिकते, वायरिंग पेटते!