त्यांची पोरं कॉलेज निवडतात, आपली पोरं वसतिगृह शोधतात



बारावीचा निकाल लागला. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला कर्वेनगरात बिल्डिंगवर बिगारी करीत होतो. समोरच्या सोसायटीतली पोरं जिन्यात बसून बोलायची, कॉम्प्युटर घ्यायचं का इलेक्ट्रॉनिक्स? आपल्या पाड्यावरचं बारावी झालेलं पोर विचारतं, वसतिगृह कुठं मिळंल? जिथं दोन वेळचं ताट, तेच त्याचं कॉलेज.

मग साहेब लोक म्हणतात, आदिवासी पोरांना आर्ट्सच आवडतं, गणितात डोकं चालत नाही. साफ खोटं! आश्रमशाळेत विज्ञानाला मास्तर नाही, तिथं डोक्याचा प्रश्न येतोच कुठं?

कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे. 1900 साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा बायांचा आश्रम तिथं नेला. रावबहादुर गोखल्यांनी 6 एकर जमीन आणि झोपडीसाठी 750 रुपये दिले. त्याच संस्थेचं 1991 पासून मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कर्व्यांचं काम मोठं, आम्हाला आदर आहे. पण ध्यानात घ्या, आधी पायाखाली जमीन आली, मग शाळा उभी राहिली, मग पिढ्या वर चढल्या. आपली जमीन तर सावकारानं आणि जंगलखात्यानं नेली.

राखीव जागा आहेत ना, असं म्हणतील. आहेत, शंभरात 7. त्यावरही डल्ला! मुंबईच्या दोन बहिणींनी महादेव कोळी म्हणून मेडिकलच्या जागा घेतल्या. 1994 साली सुप्रीम कोर्टानं त्यांचा दावा खोटा ठरवला. पण गेलेली वर्षं आपल्या पोरींना कोण परत देणार? आता चोरासाठी चाळणी लावलीय, तिच्यात अडकतो खरा आदिवासी. आजा शाळेत गेलाच नाही, तर त्याचा दाखला आणायचा कुठून? प्लॉटलाही पूर्वी हेच होतं, 1978 च्या आधीची दंडाची पावती दाखवा म्हणायचे!

काही जण सांगतात, जमिनीचा लढा सोडा, पोरं शिकवा. आम्ही म्हणतो, हे दोन लढे नाहीतच. पोटाला जमीन असंल तरच पोर बारावीनंतर वीटभट्टीऐवजी कॉलेजात जाईल.

म्हणून गावोगाव बैठक घ्या. बारावी झालेल्या पोरापोरींची यादी करा. आजा-पणज्याचा जो कागद घरात असंल तो सांभाळा. यादी घेऊन सगळे मिळून प्रकल्प कचेरीवर जाऊ. वसतिगृहात जागा द्या, आश्रमशाळेला विज्ञानाचा मास्तर द्या, दाखला वेळेत द्या, हे लेखी घेतल्याशिवाय उठायचं नाही.

प्लॉट आमचा, कॉलेजही आमचं!