जाहिरातीचाही जमाखर्च हवा

दिवाळीच्या वहीपूजनास आपण नवी वही उघडतो, तेव्हा कोणाकडून किती येणे व कोणास किती देणे, हे आपणांस पैपैशाने ठाऊक असते. परंतु इंटरनेटवरील जाहिरातीस वर्षभरात किती रक्कम गेली आणि तिने किती नवी गिऱ्हाइके आणली, असे कोणी विचारल्यास आपल्यापैकी अनेक पेढ्यांवर उत्तर मिळणार नाही. पिढीजात व्यापाऱ्यांस ही स्थिती शोभणारी नव्हे.

प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. बेळगावातील आमच्या कापडाच्या दुकानासाठी आम्ही एका मध्यस्थास वर्षभर पैसे मोजले. आमच्या नावाच्या पानावर हजारो अनुयायी जमले. पण दुकानाची पायरी चढलेला त्यांतील एकही आढळला नाही. दोष माध्यमाचा नव्हता. आराखड्यावाचून खर्च करणाऱ्या आमचा होता.

हा आराखडा म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. प्रथम, आपले गिऱ्हाईक कोण, हे ठरवावे. लग्नाच्या बस्त्यासाठी चंदगड, खानापूर वा गोव्याहून येणारे कुटुंब आणि नित्याची खरेदी करणारा शेजारी यांना एकच जाहिरात पुरणार नाही. दुसरे, ते गिऱ्हाईक आपणांस कोठे शोधते, हे पाहावे. परगावचा माणूस निघण्यापूर्वी गूगलच्या नकाशावर दुकान, वाट आणि वेळ पाहतो. तेथील नोंदीस काही मूल्य पडत नाही. तरी ती अद्ययावत ठेवण्याचा आपणांस आळस! २०१८ साली आलेल्या व्हॉट्सअॅप बिझनेसवर मालाची सचित्र यादी ठेवता येते. आपल्या सीमाभागात ती मराठीबरोबरच कन्नडमध्येही असावी.

तिसरे, खर्चाची मर्यादा व मुदत आधीच लिहून ठेवावी, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास ‘आपणांस आमचे नाव कोठे कळले?’ असे विचारून उत्तर टिपावे. समजा, तीन महिन्यांत ६,००० रुपये खर्चून ३० नवी गिऱ्हाइके आली. म्हणजे प्रत्येकी २०० रुपये पडले. पहिल्या खरेदीत दीडशेच सुटले, तर ती पुन्हा येतात की नाही, यावरच नफातोटा ठरेल.

आपले वडीलधारे म्हणतात, ‘माल चोख असेल तर डांगोरा कशाला?’ त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. चोख मालाचा लौकिक पूर्वी माणसांच्या तोंडून पसरे. आज तोच फोनच्या पडद्यावर वाचला जातो. म्हणूनच तेथेही सचोटी पाळली पाहिजे. स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाची स्तुती लिहिण्यास ई-वाणिज्यासंबंधीच्या २०२० च्या नियमांनी विक्रेत्यांस मनाई केली आहे. पण नियम नसता तरी ते खोट्या मापाइतकेच निंद्य ठरले असते. तसेच गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला फोन क्रमांक ही आपणांकडील ठेव आहे. ती दुसऱ्यास विकणे किंवा त्यावर रात्रंदिवस संदेशांचा भडिमार करणे, हा विश्वासघात होय.

आमची सदस्यबांधवांस एवढीच विनंती आहे. येत्या वहीपूजनास एक पान जाहिरातीच्या खात्याचे घालावे. ते तरुण मुलामुलींनी लिहावे आणि वडिलांनी तपासावे. नव्या पिढीचे ज्ञान व जुन्या पिढीची हिशेबी दृष्टी त्या पानावर एकत्र आली, तर पैसाही वाचेल आणि पेढीची पतही वाढेल.