पाहिलेले आणि छापलेले

‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे वृत्तवाहिन्यांचे भांडवल, तर ‘पेपरात छापून आले आहे’ ही वृत्तपत्रांची पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्याई. या दोहोंपैकी विश्वास कशावर ठेवावा, हा वाद आज घरोघरी ऐकू येतो. वडीलधारी मंडळी सकाळचे वर्तमानपत्र सोडायला तयार नसतात. मुलांना तेच शिळे वाटते. मात्र हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. चुकीच्या बातमीची किंमत समाजाला आणि प्रसंगी राष्ट्राला मोजावी लागते.

डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे असेल, असा युक्तिवाद केला जातो. पण दृश्य खरे असले, तरी ते दाखविणे शहाणपणाचे असतेच असे नाही. नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथील सुरक्षादलांची कारवाई वाहिन्यांनी थेट दाखविली. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तीच दृश्ये पाहत होते आणि दूरध्वनीवरून हल्लेखोरांना सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या फाशीवर शिक्कामोर्तब करताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. या प्रक्षेपणामुळे सुरक्षादलांचे काम अधिक धोक्याचे झाले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली त्याचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्या ताशेऱ्यांचा आशय होता. पुढे २०१५मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमानेच बंदी आली.

त्या वेळी निदान दृश्ये तरी खरी होती. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, ८ मे २०२५च्या रात्री, काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे छातीठोकपणे सांगितले. तसे काहीही घडले नव्हते. कोठली तरी जुनी, असंबद्ध दृश्ये त्या रात्रीची म्हणून दाखविली गेली. ही बातमी अनेक देशप्रेमी घरांत आनंदाने ऐकली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खोट्या विजयाने खऱ्या पराक्रमाचेच मोल घटते. ७ मे रोजी नऊ दहशतवादी तळांवर अचूक प्रहार झाले होते. त्याची माहिती परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी अत्यंत संयत शब्दांत देशापुढे ठेवली होती. त्या संयमाने कमावलेली विश्वासार्हता स्टुडिओतील आरडाओरड्याने पणाला लावली आणि भारताची प्रत्येक बातमी खोटी ठरवू पाहणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

हे असे का घडते? वाहिनीला चोवीस तास भरायचे असतात. प्रेक्षकाने दुसरे बटण दाबू नये म्हणून प्रत्येक क्षण उत्कंठेचा करावा लागतो. शहानिशेसाठी थांबावे, तर प्रतिस्पर्धी पुढे जातो. शिवाय रात्री उच्चारलेले असत्य सकाळपर्यंत विरून जाते. त्याचा जाब विचारायला सामान्य माणसाच्या हाती काही उरत नाही. वृत्तपत्राची घडण निराळी. वार्ताहराची बातमी उपसंपादकाच्या हाताखालून जाते आणि छपाईपूर्वी विचाराला काही तास तरी मिळतात. छापलेला अंक वाचनालयात पुरावा म्हणून शिल्लक राहतो. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे अंकावर छापण्याची शिस्त १८६७च्या कायद्याने लावली. छापलेल्या शब्दाला असा धनी असतो. म्हणूनच छापलेले खोटे पकडता येते.

अर्थात, केवळ पकडता येते एवढ्याने वृत्तपत्रे पवित्र ठरत नाहीत. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते अंक शेजारी-शेजारी ठेवून हा प्रकार उघडकीस आणला. ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो तेव्हाच. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१०मध्ये ७१ पृष्ठांचा अहवाल दिला. परिषदेने मात्र त्याचा केवळ सारांश प्रसिद्ध केला. संपूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११मध्ये लोकांसमोर आला. इतरांकडे पारदर्शकतेची मागणी करणाऱ्यांना स्वतःचा आरसा नकोसा वाटावा, ही खेदाची गोष्ट आहे.

तेव्हा निवाडा करायचाच, तर तो असा करावा लागेल: वृत्तपत्र अधिक विश्वासार्ह असू शकते, कारण त्याच्या घडणीतच थांबण्याची आणि उत्तरदायित्वाची सोय आहे. ती सोय विकली, तर छापील कागद आणि पडदा यांत फरक उरत नाही. कायद्यावर फार विसंबून राहण्यातही अर्थ नाही. वृत्तपत्र परिषद ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेचा एक लाख रुपयांचा कमाल दंड परिणामकारक नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३मध्ये व्यक्त केले.

उरतो तो सुजाण वाचक आणि प्रेक्षक. बातमी कोणी दिली, तिचा स्रोत सांगितला आहे का, चूक झाल्यावर ती ठळकपणे सुधारली का, हे तीन प्रश्न घराघरांत विचारले जायला हवेत. आपल्या मताविरुद्धची बातमी प्रत्येकजण तपासतो. त्यात विशेष काही नाही. मनासारखी बातमी आली, की ती शेजाऱ्याला सांगण्यापूर्वी सकाळपर्यंत थांबणे अधिक अवघड असते. सामाजिक कार्य करणाऱ्याने तर हा संयम अंगी बाणवलाच पाहिजे, कारण त्याच्या शब्दावर वस्तीतील दहा घरे विश्वास ठेवत असतात.